चाळीस एकरांचा कागद

मागच्या शिबिरात आम्ही गुलामगिरीवर बोलत होतो. अमेरिकेत गोऱ्या मालकांनी आफ्रिकेतली माणसं आणली, बाजारात बैलासारखी विकली, कापसाच्या मळ्यात राबवली. मग 1861 ते 1865 असं चार वर्षं मोठं युद्ध झालं आणि गुलाम सुटले. एवढं सांगून आमचं भाषण संपलं, कारण शाळेच्या पुस्तकात तेवढंच होतं. तेव्हा मागं भिंतीला टेकून बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "सुटले, मग गेले कुठं? दुसऱ्या दिवशी खाल्लं काय?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली आणि चहाची सुट्टी जाहीर केली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग कॉलेजातल्या एका सरांकडून पुस्तकं आणली, आमच्यातल्या ज्याला इंग्रजी बरं येतं त्यानं वाचून सांगितलं, आणि जे कळलं ते इथं लिहितो आहोत. आजोबांना वाचता येत नाही, तेव्हा त्यांच्या पाड्यावर कुणीतरी हे मोठ्यानं वाचून दाखवावं.

आधी युद्धाचं. 1860 साली तिथं जवळजवळ 40 लाख गुलाम होते, बहुतेक सगळे दक्षिणेच्या राज्यांत. लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून आला तशी दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली, अकरा राज्यांनी वेगळा देश मांडला. उत्तरेचं सरकार लढायला उठलं ते गुलामांसाठी नव्हे, देश फुटू नये म्हणून. लिंकननं पहिल्याच भाषणात सांगितलं होतं की जिथं गुलामी चालू आहे तिथं आपण हात घालणार नाही. मग ती गेली कशी? आमच्या मते गुलामांनीच ती घालवायला लावली. उत्तरेची फौज जवळ आली की रातोरात मळा सोडून लोक छावणीत जायचे. बायका पोरं पाठीला बांधून जायच्या. मालकाचं पीक शेतात वाळायचं. रॉबर्ट स्मॉल्स नावाचा एक गुलाम चार्ल्स्टनच्या बंदरात बोट हाकायचा. मे 1862 मध्ये एका रात्री गोरे अधिकारी गावात झोपले होते, तेव्हा यानं मालकांची ती बोटच बायकापोरांसकट पळवली आणि उत्तरेच्या आरमाराला नेऊन दिली. असे हजारो आले तेव्हा सरकारला त्यांचं काहीतरी करणं भाग पडलं. 1 जानेवारी 1863 ला लिंकननं जाहीरनामा काढला की बंडखोर मुलखातले गुलाम आजपासून मुक्त. जी गुलामीची राज्यं सरकारच्या बाजूला राहिली होती तिथल्या गुलामांना मात्र तो लागू नव्हता! त्यानंतर पावणेदोन लाखांहून जास्त काळे लोक फौजेत शिपाई झाले. दोन्ही बाजूंचे मिळून सहा लाखांवर माणसं मेली.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येतो.

1864 च्या शेवटी उत्तरेचा सेनापती शर्मन जॉर्जिया राज्यातून समुद्राकडे निघाला. मळ्यांमधून सुटलेले हजारो लोक त्याच्या फौजेच्या मागं मागं चालू लागले. शर्मनला ते नको होते, त्याला ती कटकट वाटायची. डिसेंबरात एबेनीझर नावाच्या ओढ्यावर त्याच्या एका अधिकाऱ्यानं काय केलं ते ऐका. फौज तरत्या पुलावरून पार झाली, आणि मागचे काळे लोक चढायच्या आत त्यानं पूल काढून घेतला. मागून मालकांचे घोडेस्वार येत होते. थंडी, फुगलेलं पाणी. लोकांनी उड्या टाकल्या आणि कित्येक बुडाले. मुक्ती देणाऱ्या फौजेनं हे केलं.

त्याचा बोभाटा राजधानीपर्यंत गेला. युद्धमंत्री स्टँटन स्वतः सव्हाना शहरात आला. 12 जानेवारी 1865 ला रात्री तो आणि शर्मन वीस काळ्या पुढाऱ्यांबरोबर बसले. बहुतेक पाद्री होते, बरेच जण कालपरवापर्यंत गुलाम. त्यांनी आपल्या वतीनं बोलायला गॅरिसन फ्रेझर नावाचे 67 वर्षांचे पाद्री निवडले. या फ्रेझरबाबांनी आठ वर्षांपूर्वी स्वतःला आणि बायकोला मालकाकडून 1000 डॉलर सोनंचांदी मोजून विकत घेतलं होतं. आम्ही हे वाचलं तेव्हा थांबलोच. माणसानं स्वतःला विकत घ्यायचं!

मंत्र्यानं विचारलं, गुलामी म्हणजे काय समजता? फ्रेझरबाबा म्हणाले, दुसऱ्याची मर्जी नसताना बळजबरीनं त्याचं काम घेणं. आणि मुक्ती म्हणजे? आपल्या कष्टाचं फळ आपल्याला घेता येईल अशा जागी आम्हाला ठेवणं. मग तुमचं पोट कसं भराल? त्यावर त्यांचं उत्तर सरळ होतं: आम्हाला जमीन द्या, आम्ही ती आमच्या हातानं कसू, हीच आमची पोट भरायची वाट. आणि गोऱ्यांमध्ये मिसळून राहाल की वेगळे? त्यांनी सांगितलं, वेगळे, कारण आमच्याबद्दलचा आकस जायला वर्षं लागतील. वीसातल्या एकाला हे पटलं नाही, तो म्हणाला एकत्रच राहावं. तेही कागदावर नोंदलं गेलं आहे.

रोटी मागितली नाही, नोकरी मागितली नाही, मालकाला फाशी द्या असंही म्हणाले नाहीत. जमीन मागितली. कुणी शिकवायला लागलं नाही त्यांना.

चार दिवसांनी, 16 जानेवारीला, शर्मननं हुकूम नंबर 15 काढला. चार्ल्स्टनपासून दक्षिणेकडे फ्लोरिडापर्यंतची समुद्रातली बेटं आणि किनाऱ्यापासून तीस मैल आतपर्यंतची, मालक पळून गेल्यानं पडीक पडलेली भातखाचरं, ही सगळी सुटलेल्या लोकांसाठी राखून ठेवली. एका कुटुंबाला जास्तीत जास्त चाळीस एकर. गोऱ्या माणसानं तिथं वस्ती करायची नाही, फौजेचे अधिकारी सोडून. शर्मनच्या मनात दया होती असं आम्ही म्हणत नाही. फौजेमागची गर्दी त्याला हटवायची होती. पण हुकूम निघाला आणि लोक निघाले. त्या वीसांतलेच एक पाद्री, युलिसिस ह्यूस्टन, हजारभर माणसं घेऊन स्किडवे बेटावर गेले आणि त्यांनी आपला कारभार आपण सुरू केला. जूनपर्यंत सुमारे 40,000 लोक चार लाख एकरांवर बसले. आपल्याकडे तीन तालुक्यांत मिळून एवढी कसणारी माणसं निघतील का, विचार करा. आणि त्यांनी काय पेरलं? आधी मका आणि रताळी. गोऱ्या लोकांची तक्रार होती की हे कापूस लावत नाहीत, आळशी आहेत. पोटापुरतं पेरणारा आळशी आणि बाजारासाठी पेरणारा कष्टाळू, हे ऐकलेलं वाटतं ना?

आता कागदाची गोष्ट, ज्यासाठी आम्ही हे सगळं लिहायला बसलो.

या कुटुंबांना कागद मिळाले होते. पण कागदावर मालकी लिहिलेली नव्हती, ताबा लिहिलेला होता. सेनापतीचा हुकूम होता, संसदेनं केलेला कायदा नव्हता. (तिथल्या संसदेला काँग्रेस म्हणतात. आपल्या काँग्रेस पक्षाशी त्याचा काही संबंध नाही, शिबिरात गोंधळ झाला होता म्हणून सांगतो.) कायमचं काय ते नंतर ठरवू, असं त्या हुकुमातच होतं. लोकांना वाचता येत नव्हतं. गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं दक्षिणेच्या कितीतरी राज्यांत गुन्हाच होता. त्यांनी कागद घडी करून जपून ठेवला आणि नांगर धरला.

एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपलं, आणि त्याच आठवड्यात लिंकनला गोळी घातली. नवा अध्यक्ष जॉन्सन दक्षिणेचाच. मे महिन्यात त्यानं बंडखोर मालकांना माफी द्यायला सुरुवात केली. माफी म्हणजे नुसती शिक्षेची माफी नव्हे, गुलाम सोडून बाकी सगळी मालमत्ता परत. सुटलेल्या लोकांसाठी सरकारनं एक खातं उघडलं होतं, त्याचा प्रमुख जनरल हॉवर्ड. त्यानं जुलैत परिपत्रक काढलं की वाटलेली जमीन माफीमुळे परत जाणार नाही. सप्टेंबरात अध्यक्षानं ते रद्द करून उलटं परिपत्रक काढायला लावलं. दोन महिन्यांत खालचं वर झालं.

ऑक्टोबरात हॉवर्डलाच पाठवलं, लोकांना तोंडी सांगायला. एडिस्टो बेटावर मोठ्या देवळात दोन हजारांवर माणसं जमली. हॉवर्ड भला माणूस होता, युद्धात त्याचा उजवा हात गेला होता. त्यानं सांगितलं की जमिनी जुन्या मालकांना परत द्यायच्या आहेत, तुम्ही त्यांच्याशी मजुरीचा करार करा, मनात राग ठेवू नका. लोक ओरडायला लागले. गलका थांबेना तेव्हा एका बाईनं दुःखाचं भजन सुरू केलं आणि सगळं देऊळ गाऊ लागलं. हॉवर्डच्याही डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. पाणी आलं, पण हुकूम बदलला नाही.

लोकांनी तिघांची कमिटी नेमली: हेन्री ब्रॅम, इश्माएल मोल्ट्री, येट्स सॅम्पसन. त्यांनी हॉवर्डला अर्ज लिहिला आणि अध्यक्षालाही लिहिला. आम्ही बरेच अर्ज लिहिले आहेत, तहसीलदाराला, प्रांताला, वनअधिकाऱ्याला. पण असा अर्ज आम्हाला लिहिता आला नसता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही मालकांना माफ करा म्हणता. तुमचा युद्धात एक हात गेला, तुम्ही माफ करू शकाल. पण ज्यानं मला झाडाला बांधून 39 फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून मारलं, तो माणूस आता जमीन हातात ठेवतो आहे आणि त्याच्या अटीवर राबलो तरच झोपडीत राहू देईन म्हणतो, त्याला मी माफ कसं करू? आम्ही सरकारशी इमान राखलं, ते सरकारशी लढले. आता जमीन कुणाला?

फौज आली आणि जमिनी गेल्या. काही बेटांवर लोकांनी 1866 च्या सुरुवातीला मालकांना किनाऱ्यावर उतरू दिलं नाही, हत्यारं घेऊन उभे राहिले. शेवटी संसदेनं काहींना दुसरीकडची सरकारी वीस एकर विकत घ्यायची सवलत दिली. बहुतेकांना तीही नाही.

पण शेजारच्याच सेंट हेलेना बेटावर बऱ्याच काळ्या कुटुंबांची जमीन टिकली. का टिकली? तिथले मालक 1861 लाच पळाले होते. त्यांनी कर भरला नाही म्हणून सरकारनं त्यांची जमीन कायद्यानं लिलावात काढली. बरीचशी उत्तरेच्या पैसेवाल्यांनी घेतली, पण काही ठिकाणी काळ्या लोकांनी वर्गणी करून बोली लावली. त्यांच्याकडे खरेदीखत होतं. अध्यक्षाला ते मोडता आलं नाही. बोटवाल्या रॉबर्ट स्मॉल्सनं तर असाच आपल्या जुन्या मालकाचा वाडा विकत घेतला आणि त्यात राहिला. लोक तेच, घामही तसाच, फरक कागदावरच्या एका शब्दाचा.

बाकीच्यांचं काय झालं ते आजोबांना सांगायला फार शब्द लागणार नाहीत, त्यांना ते आमच्याहून जास्त माहीत आहे. 1865 च्या डिसेंबरात घटनेत दुरुस्ती होऊन गुलामी सगळ्या देशात बंद झाली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सोडून. त्या एवढ्याशा फटीतून गाडी गेली. मिसिसिपी राज्यानं कायदा केला की प्रत्येक काळ्या माणसाकडे दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा हवा. नसेल तर तो भटक्या, त्याला दंड. दंड भरायला पैसे नसतील तर जो दंड भरेल त्याच्याकडे त्यानं राबायचं. शहराबाहेर त्याला जमीन खंडानं घेता येणार नाही. साल पुरं व्हायच्या आत काम सोडलं तर झालेली मजुरी बुडाली, आणि त्याला धरून परत आणणाऱ्याला पाच डॉलर आणि वर मैलाला दहा सेंट बक्षीस. आपल्याकडे आखाजीला साल ठरतं, तिकडे जानेवारीत ठरायचं. सालदारकी केलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

हे काळे कायदे पुढं रद्द झाले, पण वहीची गुलामी राहिली. मळा तोच, मालक तोच, आता निम्म्या बटाईनं. बी, मीठ, कापड दुकानदाराकडून उधार, पिकावर बोजा, हिशोब दुकानदाराच्या वहीत. वर्षाअखेरी कापूस मोजला की देणं उरलेलंच. देणं फिटेपर्यंत जाता येत नाही.

आमच्यातले काही मित्र म्हणतात, तुम्ही फक्त जमिनीचं सांगता, त्यांना मत मिळालं, शाळा मिळाल्या, ते का सांगत नाही? बरोबर आहे, सांगतो. 1867 नंतर दक्षिणेत काळे पुरुष मत देऊ लागले. 1870 ला हायरम रेव्हल्स हा काळा पाद्री मिसिसिपीतून थेट वरच्या सभागृहात गेला. आजी आणि नातू एका बाकावर बसून अक्षरं गिरवायचे अशा शाळा निघाल्या. आम्ही हे कमी लेखत नाही. पण ज्याच्या झोपडीखालची जमीन मालकाची, त्यानं मालकाच्या विरोधात मत दिलं तर दुसऱ्या दिवशी झोपडी कुठं? त्यात तोंडाला बुरखे बांधून रात्री येणारी क्लॅनची टोळी. 1877 ला सरकारनं मालकांशी समझोता करून दक्षिणेतली फौज हलवली, आणि हळूहळू मतही काढून घेतलं. ते खऱ्या अर्थानं परत मिळायला 1965 साल उजाडलं.

या युद्धाचा आपल्या मुलखाशीही संबंध आला, तो थोडक्यात सांगतो. विलायतेतल्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला चारांपैकी तीन भाग कापूस या गुलामांच्या हातचा होता. युद्धात दक्षिणेची बंदरं अडवली तेव्हा गिरणीवाल्यांची नजर इकडं वळली. खानदेश, वऱ्हाड, गुजरात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईचे व्यापारी रातोरात गबर झाले, सावकारांनी मागेल त्याला कर्ज दिलं. 1865 ला युद्ध संपलं, भाव पडला, मुंबईत पेढ्या बुडाल्या. कर्ज मात्र पडलं नाही. आणि त्याच 1865 साली इंग्रजांनी आपल्याकडचा पहिला जंगल कायदा केला.

जोतिराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून त्यांनी दूरच्या काळ्या माणसाचं आणि इथल्या शूद्रातिशूद्राचं दुःख एक आहे हे ओळखलं. त्याच वर्षी एप्रिलात लुइझियाना राज्यात कोलफॅक्स गावी मताच्या भांडणावरून काळ्या लोकांची कत्तल झाली होती. ही बातमी जोतिरावांपर्यंत पोचली असती तर त्यांनी आणखी काय लिहिलं असतं, असं आमच्या मनात येतं.

आणि एक गोष्ट आम्ही आदिवासी म्हणून विचारल्याशिवाय राहणार नाही. चाळीस एकर काळ्यांना नाही, तर मग जमीन होती कुणासाठी? 1862 साली, ऐन युद्धात, त्याच सरकारनं कायदा केला की जो पश्चिमेकडे जाऊन पाच वर्षं वस्ती करून कसेल त्याला 160 एकर. रेल्वे कंपन्यांना दहा कोटी एकरांहून जास्त दिली. ही जमीन रिकामी होती का? ती तिथल्या आदिवासींची होती. मिनेसोटात डकोटा लोकांची जमीन कराराखाली घेतली, ठरलेले पैसे वेळेवर दिले नाहीत, व्यापाऱ्यांनी उधार धान्य नाकारलं, लोक उपाशी राहिले आणि उठले. 26 डिसेंबर 1862 ला 38 डकोटांना एकाच चौथऱ्यावर एका वेळी फाशी दिलं. लष्करी कोर्टानं तीनशेहून जास्त जणांना शिक्षा दिली होती, लिंकननं यादी कमी केली, पण या नावांवर सही त्याचीच. सहा दिवसांनी त्यानं गुलाममुक्तीचा जाहीरनामा काढला. शाई तीच असेल.

आपलीही एक लाज सांगायला हवी. चेरोकी, क्रीक अशा आदिवासी राष्ट्रांत मोठ्या घरच्या लोकांनी काळे गुलाम ठेवले होते आणि युद्धात त्यातले बरेच दक्षिणेच्या बाजूनं लढले. 1866 च्या तहात सरकारनं त्यांना गुलाम सोडायला लावलं. पण पुढं झालं ते विशेष. क्रीक आणि सेमिनोल लोकांत जमीन सगळ्या राष्ट्राची सामाईक होती, एकट्याची नव्हती. सुटलेले गुलाम राष्ट्राचे माणूस ठरले, तेव्हा त्यांनाही इतरांसारखीच जमीन कसायला मिळाली. मळेवाल्यांच्या मुलखात जे झालं नाही ते तिथं झालं. नंतर सरकारनं त्या सामाईक जमिनीचेही तुकडे पाडले, आणि बरीचशी गोऱ्यांच्या हातात गेली.

तर आजोबा, ते लोक गेले कुठं? बहुतेक कुठंच गेले नाहीत. जुन्या मालकाच्याच शेतात उभे राहिले. खाल्लं काय, तर वहीत लिहून आणलेलं.

आमचं मत असं झालं आहे. आपल्यातले बरेच जण नेवाड कसतात, काहींकडे एकसाली कागद आहेत, काहींकडे फक्त दंडाच्या पावत्या. साहेब येतो, म्हणतो कागद मिळाला ना, आता गप्प बसा. कागद मिळाला की आम्हीही खूश होतो, फोटो काढतो. यापुढं कागद हातात आला की तो सगळ्या पाड्यासमोर शब्द न शब्द वाचायचा. त्यात ताबा म्हटलंय की मालकी, किती वर्षांसाठी, सही कुणाची, आणि कुणाच्या दुसऱ्या सहीनं तो रद्द होऊ शकतो.

अमावास्येनंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी कार्यालयात बसणार आहोत. ज्यांच्याकडे एकसाली पट्टा, दंडाची पावती, जुना पंचनामा, काहीही असेल त्यांनी सोबत आणावं. उंदरानं कुरतडलेलं असेल तरी आणा. मूळ कागद कुणाच्याही हातात सोडू नका, नक्कल आपण तिथंच करून घेऊ.